नवसाच्या पंगतीतल्या सह्या

हॅनफर्ड, कॅलिफोर्निया
९ मे

प्रिय ओडिलिया,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच ठेवून देशील, म्हणून पत्ता कचेरीत टाइप करून घेतला आहे. वकिलाकडून आलेलं पाकीट माणूस धास्तीनं का होईना, फोडतो. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू खाली ठेवतेस. मग पत्राशिवाय काय उरतं? आई गेल्यानंतर तू आपल्या पोर्तुगीज आसोरेस बेटांवर, तेर्सेराला निघून गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. तिथले काळे दगड, हायड्रेंजियाची कुंपणं आणि तो समुद्र तुला मानवला असेल अशी आशा करते. इथं तेच आहे. सपाट जमीन, बदामाच्या बागा, आणि वारा दक्षिणेचा असला की गाईंचा वास.

कामाचं आधी लिहिते. बाबांच्या कंपनीवर दावा लागला आहे. आपले ड्रायव्हर गोठ्यांवरून दूध भरतात आणि कारखान्यावर नेतात, हे तुला ठाऊकच आहे. पगार खेपेवर. कारखान्यात टँकर रिकामा होईपर्यंत आणि धुऊन निघेपर्यंत रांगेत बसावं लागतं, त्या वेळेचं काही मिळत नाही. दोघा ड्रायव्हरांचं म्हणणं असं की बसणं हेही कामच. आणि त्यांनी दावा केला आहे तो सगळ्या ड्रायव्हरांच्या वतीनं.

'सगळ्यांच्या वतीनं' या दोन शब्दांवर माझी उभी हयात गेली. बसवाले, फळांचे ट्रकवाले, सामान पोचवणारे, सगळ्या कंपन्या माझ्याकडे आल्या त्या याच दोन शब्दांना घाबरून. दोनशे माणसं एका आवाजात बोलू लागली की कंपनी मोडते. त्या एका आवाजाचे पुन्हा दोनशे वेगळे आवाज करणं, हे माझं काम. हा घरी जाऊन जेवतो, तो गाडीतच डबा खातो, तिसऱ्याला जेवायचंच नसतं. न्यायाधीशमहाराज, हे सगळे एक कसे? असं म्हणत मी जिंकत आले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पेर्पेतुआ म्हणायची, ही पोर स्वर्गाच्या दाराशीही सेंट पीटरकडून पावती मागेल. तू मागच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून हसायचीस.

या दाव्यात मी कंपनीची वकील आहे, म्हणून भागीदार म्हणून माझं मत मी बाजूला ठेवलं आहे. निर्णय उरलेल्या दोघा भावंडांचा, अडेलिनोचा आणि तुझा. सुदैवानं बहुतेक ड्रायव्हरांनी आपापली तडजोड करून सह्या दिल्या आहेत. त्यांचे चेक वटले की मग दावा चालवायला माणसंच उरणार नाहीत. हे कायद्यात बसतं. तुम्हा दोघांची मंजुरी मिळाली की सगळं पक्कं होईल. सोबतच्या कागदावर खाली खूण केली आहे, तिथं सही कर आणि परत पाठव.

एक गोष्ट ऐकून तुला बरं वाटेल. अडेलिनोनं यंदा आईच्या नावानं सोपाश, ते नवसाचं रस्सा-पावाचं जेवण, घातलं. सभागृहात, पवित्र आत्म्याच्या मुकुटासमोर, अगदी पूर्वीसारखं. मोठ्या कढया, कोबी, पुदिना, खाली पावाचे जाड तुकडे. सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं होतं. मी साक्रामेंटोला सुनावणीत होते, त्यामुळे जेवायला नव्हते. पण रस्सा आईच्या चवीचा झाला होता म्हणतात.

तुझी,
ग्रासा


२० मे

ओडिलिया,

सगळ्यांत आधी हे वाच. त्या कागदावर सही करू नकोस. केली असलीस तर पाठवू नकोस.

मागच्या पत्रात मी तुला दोन गोष्टी सांगितल्या, सह्यांची आणि सोपाशची. त्या वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या. प्रत्यक्षात ती एकच गोष्ट होती. सह्या सोपाशच्या पंगतीत घेतल्या.

कागद माझेच होते. मी अडेलिनोला सांगितलं होतं, यार्डात, कामाच्या दिवशी, पंजाबी आणि स्पॅनिश प्रती हातात देऊन, आणि घरी नेऊन विचार करायला आठवडाभर सवड. त्यानं सगळं एका रविवारी उरकलं. जेवण झालं की बाहेर पडायचं दार एकच. त्या दाराशी, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली, टेबल मांडलं. मुकादम पेन घेऊन बसला. प्रत इंग्रजी, चेक पाकिटात, महिनाअखेरची तारीख घातलेला. ढेकर देत माणूस दाराशी आला की पेन पुढे.

मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी ९ मेच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू सही केली नसतीस, इतकं मला कळत होतं.

आज बेल्मिरो कचेरीत आला. तुला आठवतो ना, बाबांच्या वेळचा, कानात कापूस घालून गाडी चालवणारा? आता त्याचा नातू लग्नाला आला आहे. टोपी न काढता बसला, यावरूनच तो रागावलाय हे मी समजले. चेकचं पाकीट टेबलावर ठेवलं, फोडलेलंही नव्हतं.

"दोन वाट्या खाल्ल्या मी," तो म्हणाला. "तुझ्या आईनं मला जन्मात एकच गोष्ट विचारली, पोरी, आणखी वाढू का. यंदा दाराशी पेन."

मी म्हटलं, काका, पैसे वाजवी आहेत, हिशेब मी स्वतः केला आहे. तो म्हणाला, असतील. पण ते जेवण नवसाचं होतं, तुझ्या भावाच्या जिवावरचं. देवाला दिलेल्या घासावर सही घेतात होय?

त्याच्याबरोबर गुरतेज होता. दावा करणाऱ्या दोघांपैकी एक. तो आमच्या बाजूला पाऊल टाकत नाही, त्याच्या वकिलीणबाईंनी मना केलं आहे, म्हणून बाहेर गाडीतच बसून होता. मीही त्याच्याशी बोलायला जाऊ शकत नाही, नियमच आहे. पण बेल्मिरोनं जाता जाता त्याचा निरोप सांगितला, आणि सांगताना त्याला हसू आवरेना. गुरतेज म्हणत होता, आमच्या लंगरातही ताट सगळ्यांना मिळतं, पण जेवून उठल्यावर अंगठा कुणी मागत नाही. तुमच्या देवाची पद्धत वेगळी असेल तर आधी सांगायचं, मी घरून पोळी आणली असती.

मी हसले नाही. माझी कचेरी आईच्या जुन्या चर्चच्या समोर आहे, खिडकीतून घंटा दिसते.

आपलं भांडण कशावरून झालं, हे मी विसरलेले नाही. अडेलिनोला लहानपणी मेंदूज्वर झाला तेव्हा आईनं नवस बोलला, हा वाचला तर दर वर्षी येईल त्याला जेवू घालीन. ती गेल्यावर मी आणि अडेलिनो म्हणालो, आता हे सभागृहाच्या समितीकडे सोपवू. तू म्हणालीस, नवस दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आम्हाला वाटलं, तू हट्टी आहेस. तो वाद आता पुन्हा उकरत नाही. आता इतकंच मागते आहे की सही करू नकोस. तुझी सही नसेल तर त्या तडजोडी पक्क्या होत नाहीत, आणि मला त्या मागे घेता येतील.

ग्रासा


३० मे

ओडिलिया,

तुझ्याकडून काही नाही. पोस्ट बेटावरून यायला वेळ लागतो, हे मला कळतं. तरी रोज दुपारी पेटी उघडून बघते.

अडेलिनोशी बोलले. त्याची बाजूही तुला कळायला हवी, तू भागीदार आहेस. तो वाईट माणूस नाही. तो म्हणतो, ग्रासा, टँकर दिवसरात्र रस्त्यावर असतात, सगळे ड्रायव्हर एका जागी सापडतात कधी? रविवारी जेवायलाच ना? आणि जेवण मी मनापासूनच घातलं होतं. कांदे मी चिरले. मुकुटापुढे गुडघे मी टेकले. सह्या तेवढ्यात उरकल्या, यात देवाचं काय गेलं?

मी विचारलं, मग आईनं कधी उरकलं का काही? दुधाचे भाव ठरवायचे, गोठेवाल्यांची उधारी मागायची, सगळे तिथं हजर असायचे.

तो चिडला. म्हणाला, सामूहिक दावा उभा राहिला तर अर्धे टँकर विकावे लागतील. कारखाना आपलं कंत्राट दुसऱ्याला देईल. माझी पोरं काय करतील, तुझ्यासारखी काळा कोट घालून फिरतील? मग तोच म्हणाला, आणि तू? आयुष्यभर हेच केलंस ना, माणसं वेगळी पाडायची. मी तुझ्याचकडून शिकलो.

हे बोचलं. पण मी माघार घेतली नाही, आणि तुलाही सांगते म्हणजे गैरसमज नको. मी बाजू बदलणार नाही. कंपन्यांच्या बाजूनं उभं राहण्याची मला लाज वाटत नाही. बाबांनी एका जुन्या टँकरवर सुरुवात केली. ज्याच्यावर दावा लागतो तो प्रत्येक जण चोर नसतो, आणि त्यालाही नीट भांडणारं कुणी लागतं. इतक्या वर्षांत मी न्यायालयात खोटं बोलले नाही. निवडून खरं बोलले, हे कबूल. पण न्यायाधीशांनी विचारलं, या सह्या माणसांनी मोकळेपणानं दिल्या का, तर त्याला निवडून देण्याजोगं खरं उत्तर माझ्याकडे नाही. समोरच्या वकिलीणबाई, मारिसोल किंतेरो, माझ्या मुलीच्या वयाची, तिनं अर्ज केलाच आहे की त्या सह्या रद्द करा. सुनावणी जूनच्या मध्याला आहे. त्याआधी आपण स्वतः मागे घेतल्या तर इज्जत राहते. नाही घेतल्या तर मी वकीलपत्र सोडीन. अडेलिनोला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, सोड. मग दारापर्यंत सोडायला आला आणि माझ्या गाडीची काच पुसून दिली. तुला माहीतच आहे तो कसा आहे.

उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस. कागद कोरा ठेव, तेवढं पुरे.

ग्रासा


३ जून

ओडिलिया,

तुझं पाकीट आलं.

माझं २० तारखेचं पत्र तुला मिळायच्या आधीच तू ते टाकलेलं दिसतंय. दोन्ही पत्रं समुद्रावर कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेली. कागदावर तुझी सही आहे, सिस्टर पेर्पेतुआनं घटवून घेतलेलं तेच तिरकं वळण. माझ्यासाठी एक ओळही नाही. कडेला पेन्सिलीनं अडेलिनोसाठी लिहिलं आहेस, 'ग्रासानं वाचलं असेल, म्हणून मी वाचलं नाही.'

 नऊ वर्षं तू माझा आवाज ऐकत नाहीस, आणि माझ्या हातचा कागद न वाचता सही करतेस.

खरं सांगायचं तर तो कागद खणात टाकावा असं मनात आलं. टपाल गहाळ होतं, कुणी विचारलं नसतं. सुनावणी होऊन गेली असती. पण तो कागद माझा नव्हता. तो कंपनीचा होता, आणि मी कंपनीची वकील. म्हणून दुपारी यार्डात गेले. अडेलिनो टँकरच्या नळीचं रबर बदलत होता. हात पुसून त्यानं कागद घेतला. त्याला हवं होतं ते सगळं त्या एका सहीत होतं. मला वाटलं, आता तो हसेल.

त्यानं तुझी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग विचारलं, "हिला माहीत होतं?"

"काय?"

"सह्या कुठं घेतल्या ते."

मी म्हटलं, नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं नव्हतं. लिहिलं ते नंतर, आणि ते तिला मिळायच्या आधी तिनं ही पाठवली.

"मग माझ्यात नि तुझ्यात काय फरक, ग्रासा?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मी ड्रायव्हरांना जेवण दाखवलं नि कागद पुढे केला. तू बहिणीला आईचा रस्सा दाखवलास नि कागद पुढे केलास."

  जे मी बघायला नाकारत होते ते त्यानं एका वाक्यात मांडलं, आणि मांडल्यावर त्याचंही तोंड उतरलं, कारण ते वाक्य त्यालाही तितकंच लागू होतं. आम्ही दोघं त्या दुधाळ वासाच्या शेडमध्ये उभे होतो, बाबांनी छडी उगारल्यावर उभे राहायचो तसे.

शेवटी मी म्हटलं, ही सही मी न्यायालयात दाखवणार नाही. तिला पूर्ण सांगून घेतलेली नाही, म्हणून ती सही नाही. तू मला काढून टाक, नाहीतर माझं ऐक.

तो नळीशी खेळत राहिला. मग म्हणाला, ती न वाचता सही करेल असं तुला वाटलं होतं का? मी म्हटलं, नाही, मला वाटलं ती भांडेल. तो म्हणाला, मलाही ड्रायव्हर भांडतील असं वाटलं होतं. ते भांडले नाहीत, मान खाली घालून सही करून गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यानं स्वतःची मंजुरी मागे घेतली. आपल्या हातानं लिहून, माझ्यासमोर, शेडमधल्या टेबलावर.

ग्रासा


१९ जून

प्रिय ओडिलिया,

सुनावणी झाली. न्यायाधीशांनी विचारलं, कंपनी स्वतःहून सह्या का मागे घेते आहे? मी म्हटलं, त्या अशा जागी घेतल्या जिथं काही मागायचं नसतं. त्यांना बहुधा कळलं नाही. मारिसोल किंतेरोला कळलं असावं, तिची आजी आपल्याच आसोरेसची निघाली. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, आता तुमच्याशी नीट भांडणार. ती म्हणाली, बरं झालं, मला वाटलं तुम्ही थकलात. चुणचुणीत आहे पोर. तिच्या वयात मी इतकी उद्धट नव्हते. तू म्हणशील, होतीस.

आता दावा सगळ्यांच्या वतीनं चालेल असं दिसतं. मी तो अडवायचा प्रयत्न करणारच, तो माझा धंदा आहे. नाही अडला तर सगळ्यांशी एकत्र बसून तडजोड करू, प्रत्येकाला त्याच्या भाषेत कागद देऊन, त्याच्या वकिलासमोर. काही टँकर जातील. अडेलिनोनं मनाची तयारी केली आहे. बाबांचा पहिला टँकर विकणार नाही म्हणतो, जणू तो कुणी विकत घेणार आहे.

सोबत दोन कागद आहेत. एक तुझा, तुझ्या सहीसकट, परत. तो तुझाच आहे, काय करायचं ते कर. दुसरा नवा. ड्रायव्हर काय मागतात, आपण काय देऊ शकतो, किती तोटा होईल, सगळं त्यात आहे. पोर्तुगीज प्रतही जोडली आहे. पूर्ण वाच. न पटलं तर सही करू नकोस, मी पुन्हा लिहीन. पटलं तरी आठवडाभर ठेव. तिथं कुणी दुसरा वकील असेल तर त्याला दाखव. माझ्यावर विसंबू नकोस, हे मी बहीण म्हणूनही सांगते आणि वकील म्हणूनही.

एक राहिलं. सह्यांचे कागद परत करायला अडेलिनो स्वतः निघाला. न्यायालयाची परवानगी घेतली, किंतेरोबाईंनी आपला माणूस बरोबर दिला. अडेलिनोला वाटलं, ड्रायव्हर कारखान्याच्या रांगेत सापडतील, पटपट वाटून येऊ. गुरतेजच्या गाडीत चढला कागद द्यायला. तेवढ्यात मागं टँकर येऊन लागले. बाहेर ऊन मरणाचं. मी त्या वेळी कचेरीत बसून आपल्या बचावातला सगळ्यांत महत्त्वाचा परिच्छेद लिहीत होते: रांगेतला वेळ हा ड्रायव्हरचा स्वतःचा मोकळा वेळ असतो, त्यात तो हवं ते करू शकतो.

फोन वाजला. अडेलिनो कुजबुजत होता. म्हणाला, ग्रासा, मला लघवीला जायचंय आणि हा गुरतेज उतरू देत नाही. म्हणतो, शेठ, रांग कधी सरकेल सांगता येत नाही, आणि गाडीतला माणूस खाली असताना गाडी हलवायची नाही असा इथला नियम, आपली जागा गेली तर पुन्हा मागं लागावं लागेल, मागचे शिव्या घालतील. मी विचारलं, मग तो स्वतः काय करतो? अडेलिनोनं त्याला विचारलं. मागून गुरतेजचा आवाज आला, "बाटली आहे ना, शेठ. घ्या, नवी आहे."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. रांग तिथंच. मग पुन्हा.

मी तो परिच्छेद खोडला. दुसरा शोधते आहे, आणि तो खरा निघेपर्यंत बसणार आहे.

तुझी,
ग्रासा